तिसऱ्या तालीवरचं घर

बाईंबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की मला आजही आधी घसा खाकरावा लागतो. लोकांना वाटतं, गहिवरून आलं. मी वाटू देतो.

आमचं ऑफिस बुऱ्हाणपूरच्या लालबागेत, बियाण्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. डोंगरातल्या गावांसाठी घरं, धान्याची कोठारं, बालवाड्या अशी कामं मोठे साहेब घ्यायचे. मोठे साहेब म्हणजे आमचे आर्किटेक्ट. इंदूरची चालती प्रॅक्टिस सोडून उतारवयात इकडे आले होते, आणि घरात सिमेंट जितकं कमी तितकं घर चांगलं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी डिप्लोमा इंजिनिअर. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. सर्व्हे माझे, नकाशे माझे, सरकारी दफ्तरातल्या चकरा माझ्या. साहेबांना मूलबाळ नव्हतं, आणि ऑफिस पुढे माझ्याकडेच येणार हे मी मनाशी धरून चाललो होतो. तसं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या बायकोला मात्र मी ते सांगून टाकलं होतं.

मग बाई आल्या. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. पन्नाशीला नोकरी सोडली आणि एके दिवशी आमचा जिना चढून वर आल्या. हातात केळीचा कापलेला खांब होता, त्याचं पाणी पायरीपायरीवर गळत होतं. साहेबांच्या टेबलावर तो आडवा ठेवून म्हणाल्या, "हे चार दिवस ड्रममध्ये कुजवा, ते पाणी मातीत घाला आणि मग गिलावा करा. पाऊस लागला तरी तडा जाणार नाही. माझ्या घराच्या मागच्या भिंतीवर तीन वर्षं करून पाहिलंय."

साहेबांनी बाईंना खुर्ची दिली. बाई खाली बसल्या. त्या ऑफिसात होत्या तेवढी सगळी वर्षं खालीच बसल्या. खुर्चीत बसलं की हात जमिनीला लागत नाही आणि डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आठवड्यात बाल्कनीत दोन ड्रम आले. त्यांचा असा वास सुटला की खालचा बियाणेवाला वर येऊन भांडून गेला. साहेब हसले. सहा वर्षांत माझ्या कुठल्याच कामावर ते असे हसले नव्हते.

बाईंकडे टेप नसायचा. हात पसरून मोजायच्या. मी मागून गुपचूप टेप लावून बघत असे. चार बोटांपेक्षा जास्त फरक कधी निघाला नाही, आणि निघावा म्हणून मी किती वेळा मोजलं ते माझं मला माहीत. माझा नकाशा समोर आला की खडू घेऊन एखाद्या कोपऱ्यावर फुली मारायच्या आणि म्हणायच्या, "इथं भांडण होईल." बस, एवढंच. कशावरून, ते विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत, आणि मी विचारायचो नाही. घरी जाऊन त्या फुलीकडे बघत बसायचो. मग लक्षात यायचं की चुलीपुढे बसलेल्या घरच्या बाईच्या पाठीला घासल्याशिवाय मागच्या दाराला जाताच येणार नाही. मी पुसून दुरुस्त करायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती माझी म्हणून दाखवायचो. बाई काही बोलायच्या नाहीत. ते मला जास्त लागायचं.

अकरा वाजता त्या डबा उघडायच्या. कुठेही असोत. एकदा जिल्ह्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांपुढे आमची बैठक होती. मातीच्या भिंतींना मंजुरी मिळावी म्हणून मी दोन वर्षं त्या दफ्तराच्या पायऱ्या झिजवत होतो. भिंतीचे तुकडे, तपासणीचे कागद, फोटो, सगळं घेऊन मी उभा राहून बोलत होतो आणि अधिकारी मोबाइलमध्ये बघत होते. अकरा वाजले. बाईंनी डबा उघडला. मेथीच्या पुऱ्या आणि लोणचं. "घ्या साहेब," म्हणाल्या, "याचं अजून अर्धा तास चालेल."

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. दोन पुऱ्या खाल्ल्या. मग विचारलं, "मॅडम, ये मिट्टी की दीवार टिकती है क्या?"

"तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी गाव सांगितलं.

"तिथल्या घराच्या भिंती कशाच्या होत्या?"

अधिकाऱ्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि आजोळच्या घराबद्दल बोलायला लागले, पंधरा मिनिटं. मंजुरी त्या आठवड्यात आली. साहेबांनी पेढे मागवले आणि पहिला बाईंना दिला. मी म्हणालो, माझा दात दुखतोय.

रेवारामच्या घराचं काम त्यानंतरचं.

डोईफोडिया गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे. तिथं उतारावर दगडाच्या ताली घालून, म्हणजे बांध रचून, पायऱ्यांसारखी शेतं केलेली आहेत. एकेक पायरी भरायला दोन-दोन पिढ्या गेल्या. माती वाहून जाऊ नये म्हणून माणसं जन्मभर दगड लावत राहिली. आता तिथं घर बांधायचं तर मोठी पंचाईत होती. पायरीवर बांधलं तर पिकाची जागा जाते, आणि भिंतीसाठी माती खणली तर शेतच जातं. रेवाराम आणि त्याची बायको सुगनाबाई पावसाळ्यात खाली तापीकाठच्या केळीच्या मळ्यात कामाला जायची आणि पीक काढायला वर यायची. वर बाराही महिने राहता येईल असं घर हवं होतं. तसं घर तिथं जमलं तर पुढे नऊ गावांचं काम मिळणार होतं.

मी तीन आठवडे खपून कॉम्प्युटरवर नकाशा केला. भिंतींची माती गाडीनं खालून आणायची, घर सगळ्यात वरच्या खडकाळ जागेत. बाईंनी नकाशा उघडलाच नाही. आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा त्यांनी रेवारामकडून बैलाचे दोर मागून घेतले, दुसऱ्या आणि तिसऱ्या तालीच्या मधोमध, जिथं एक पायरी संपून खालची सुरू होते तिथं, दोरांनी घर आखलं आणि सुगनाबाईला म्हणाल्या, "आज दिवसभर यात राहा."

"यात? भिती कुठी हायेत?"

"आहेत असं समज. स्वयंपाक कर, शेळ्या बांध, नवऱ्याशी भांड. नाही जमलं तर दोर सरकव."

मला वाटलं, आता पाडा हसेल. पाडा हसलाच, पण जमला. सुगनाबाईनं दोराच्या आत तीन दगडांची चूल मांडली. दुपारपर्यंत तिनं दार दोनदा सरकवलं, शेळ्यांची जागा बदलली आणि पहिल्यांदाच कुणासमोर मोठ्या आवाजात सांगितलं की तिला चुलीजवळून खालचं शेत दिसायला हवं. रेवाराम म्हणाला, "पंधरा साल झाली लग्नाले, हे मले माहीत नव्हतं." संध्याकाळी घर आखून तयार होतं. उतारात पाठ टेकलेलं, मागची मातीची भिंत तालीच्या दगडांना चिकटून, त्यामुळे पिकाची जागा जवळजवळ जात नव्हती. आणि माती? बाई म्हणाल्या, सगळ्यात खालच्या तालीमागे दरवर्षी गाळ साचतो, तो तुम्ही काढून फेकताच. तोच घ्या.

मोठे साहेब किती तरी वेळ त्या दोराकडे बघत उभे होते. मग त्यांनी माझा नकाशा घडी करून माझ्या हातात दिला. रागानं नाही. एखाद्याची पडलेली वस्तू उचलून द्यावी तसा.

आता जे सांगायचं आहे ते मला नीट सांगितलं पाहिजे.

आदल्या वर्षी श्रावणात मी त्या डोंगराचा सर्व्हे केला होता. रेवाराम-सुगनाबाई तेव्हा खाली मळ्यात होती. तिसऱ्या तालीवरच्या झुडपात माझा बूट चिखलात रुतून निघाला होता. वाकून पाहिलं तर तालीच्या दगडांतून अंगठ्याएवढी पाण्याची धार येत होती. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते तरी धार चालू होती. डोंगराच्या पोटातला पाझर. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं: तिसरी ताल, पाझर, मोठा. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सातपुड्यातून जमिनीखालून झिरपत येणारं पाणी भुयारातून गावात आणून आमचं शहर शेकडो वर्षं प्यायलं.

बाईंनी आखलेल्या घराची मागची भिंत बरोबर त्या धारेवर येत होती.

त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना विचारलं, "पाण्याचं काय? इथं पाणी निघतं का?" रेवाराम म्हणाला, "पावसात तं सगळाच डोंगर गळते, बाई." बाईंनी पाड्यातल्या आणखी दोघांना विचारलं, तेही तेच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या वहीत काही आहे?"

वही माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, "विशेष काही नाही."

भिंत पडावी असं मला वाटत नव्हतं. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. भिंतीला ओल यावी, पोपडे निघावेत, साहेबांनी बाईंकडे बघावं आणि मग माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

घर उन्हाळ्यात उभं राहिलं. पाहायला लांबून लोक आले. बाई घामेजलेल्या हातानं भिंतीवर थापट्या मारून, म्हशीच्या पाठीवर मारतात तशा, सगळ्यांना दाखवत होत्या. नऊ गावांचं काम आलं, आणि साहेबांनी ते बाईंच्या नावानं लिहून घेतलं. माझी बायको म्हणाली, "एकदा बाईंना घरी जेवायला बोलवा ना. आपल्या ओट्याचं पण विचारू." मी ताटावरून उठलो.

भाद्रपदात, भर दुपारी, मागची भिंत बसली. आतून पोखरलेली होती, एकदम खाली आली. रेवाराम शेतात होता. सुगनाबाई भिंतीजवळच्या कणगीतून तूर काढत होती. कणगी आडवी आली म्हणून वाचली, पण डावा पाय गुडघ्याखाली दबला. तिला झोळीत घालून खाली आणलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पुढच्या वर्षाचं सगळं बी मातीत गेलं.

नऊ गावांचं काम थांबलं. चौकशीचा कागद आला, आणि साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितलं. मी लिहिला. उतारावर मातीची भिंत ही निवड चुकीची होती, असं त्यात होतं. एक शब्दही खोटा नव्हता असं मला तेव्हा वाटलं. अहवाल खिशात घालून मी बाईंबरोबर पाड्यावर गेलो, फोटो घ्यायला.

बाई दवाखान्यातून सरळ आल्या होत्या. सुगनाबाईजवळ दोन दिवस बसून होत्या. तिला आणि रेवारामला त्यांनी सांगितलं होतं, "चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही." पाड्यावर आल्यावर त्या पडलेल्या भिंतीत शिरल्या आणि हातांनी माती उपसायला लागल्या. अकरा वाजून गेले. डबा उघडला नाही. तासाभरानं दगडांतून धार लागली.

त्या धारेखाली हात धरून बसल्या. "हे यंदाचं पाणी नाही," म्हणाल्या. "दगड बघ, शेवाळ किती जुनं आहे. मी तीन माणसांना विचारलं. चौथं माणूस राहिलं असणार."

मी म्हणालो, "चौथ्यालाही विचारलं होतं."

त्यांनी वळून पाहिलं.

मी वही काढून ते पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांचे हात चिखलाचे होते म्हणून त्यांनी वही घेतली नाही, वाकून वाचलं. मी वाट बघत होतो. त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. काय काय बोलतील याची मी मनात तयारी केली होती.

"श्रावणात केवढी होती धार?"

"अंगठ्याएवढी."

"पाऊस थांबून किती दिवस?"

"दोन."

"आणि पूर्वेला? तिकडे ओल होती?"

"नव्हती."

"बरं," म्हणाल्या. मग धारेखाली हात धुतले. शेवटी म्हणाल्या, "हे सुगनाला तू सांगायचं. मी नाही सांगणार. आणि साहेबांनाही." मग पुन्हा उपसायला लागल्या.

मी खाली उतरलो. दवाखान्यात सुगनाबाईचा पाय वर टांगलेला होता. मी उभं राहूनच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रेवाराम उठून माझ्या अंगावर आला, तिनं त्याला हातानं थांबवलं. मला विचारलं, "तुमाले माहीत व्हतं?"

"हो."

"नी बाईले नव्हतं?"

"नाही."

"मंग बाई काहून रडत व्हती माह्याजवळ?" एवढं विचारून तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही.

अहवाल मी फाडला. नवा लिहिला, वहीचं पान जोडलं, खाली माझं नाव घातलं. साहेबांनी वाचून सही केली आणि म्हणाले, "तू उद्यापासून बाईंच्या हाताखाली." राजीनामा द्यायचं माझ्या मनात आलं होतं. पण तो दिला असता तर सुटलो असतो, आणि ते साहेबांनाही कळत असावं.

हिवाळ्यात भिंत पुन्हा घातली. या वेळी बाईंनी ती तालीपासून हातभर पुढे ओढली. डोंगर आणि घराच्या मधे एक अरुंद गल्ली सोडली, तिच्या तळाशी दगडी चर, आणि चराचं पाणी घराला वळसा घालून पुढच्या अंगणातल्या टाक्यात. चर किती खोल, उतार किती, हे माझ्याकडून काढून घेतलं. रोज नवे प्रश्न. इतकी वर्षं सर्व्हे करून मला डोंगर इतका माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं. संक्रांत उलटून गेली तरी टाक्यात पाणी येत होतं. खालच्या तालीवर सुगनाबाईनं वांगी लावली. त्या डोंगरात हिवाळ्यात कुणी वांगी लावलेली नव्हती.

थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं, आणि नऊही गावांत आता तशीच गल्ली सोडतात. लोक तिला 'बाईंची गल्ली' म्हणतात. बाहेरून मुलं शिकायला येतात, वहीत तिचं चित्र काढून नेतात. मी गप्प राहिलो नसतो तर भिंत पडली नसती, आणि भिंत पडली नसती तर ती गल्ली कुणाला सुचली नसती. हे मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या हातून आयुष्यात जे सगळ्यात वाईट झालं तेसुद्धा बाईंच्याच नावावर, आणि तेही चांगलं म्हणून, जमा झालं. सुगनाबाई अजून लंगडते. तेवढं फक्त माझं.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. म्हणजे ऑफिस सोडून गेल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या डोंगरात. तिथल्या लोकांनी बोलावलं होतं. जाताना सगळ्यांना काही ना काही दिलं. मला काहीच दिलं नाही, आणि मी महिनाभर त्याचाच विचार केला.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या साहेबांनी ऑफिस माझ्या हाती सोपवलं. ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली तो दिवस. खाली दुकानापुढे छोटा मांडव घातला होता. गावोगावची माणसं आली होती, रेवाराम-सुगनाबाईही. साहेबांनी बाईंना फोन लावला आणि माइकपुढे धरला. म्हणाले, "दोन शब्द बोला, तुमच्या इंजिनिअरबद्दल."

बाईंचा आवाज आला, थोडा बसलेला. "त्याला पाणी कळतं," म्हणाल्या. "फक्त दोनदा विचारावं लागतं."

मांडव हसला. साहेबही हसले, जरा उशिरा. सुगनाबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. मी हात जोडून फोनला नमस्कार केला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

कार्यक्रम आटोपला. लोक पांगले. सुगनाबाई पाय ओढत माझ्याकडे आली. इतक्या दिवसांत ती आपणहून पहिल्यांदाच आली होती. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. अभिनंदन नाही, पण काहीतरी.

"बाईचा आवाज बसेल वाटला," ती म्हणाली. "तब्येत बरी हाय ना तिची? लावा ना फोन."

मी लावला. ती मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली, पाय लांब केला आणि बोलायला लागली. वांगी, शेळी व्यायली ती, गल्लीत बेडूक येतात ते, रेवारामचा खोकला. पलीकडून बाई हसत होत्या, काही काही विचारत होत्या. अर्धा तास चाललं. मांडववाले कनाती सोडून गाडीत भरत होते. मी माझा फोन परत मिळायची वाट बघत शेजारी उभा होतो आणि ऐकत होतो. माझं नाव एकदाही निघालं नाही.